सारखा उशीर

आरमोरीत मी पाच वर्षे चार महिने नोकरी केली. तेव्हा त्या गावात चारचाकी वाहने अठरा होती. हा आकडा अंदाजाचा नाही. मी सार्वजनिक बांधकामाच्या कचेरीत रस्त्यांच्या नोंदवह्या सांभाळत असे, आणि कोणत्या सडकेवर किती वाहने चालतात हे लिहून ठेवणे माझ्या कामातच होते. आठ ट्रक, सहा जीप, तीन सरकारी मोटारी आणि एक जर्मन मोटार.

ती अठरावी गाडी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची होती. त्याला गावात सगळे घडीवाले चाचा म्हणत. सहा फूट बाय आठ फुटांचे दुकान, डोक्यावर विणलेली टोपी, गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेले डोळ्याला लावायचे भिंग. जेवतानाही ते भिंग गळ्यात असे. चाची म्हणायच्या की निकाह लागला तेव्हाही ते होते, फक्त हाराखाली झाकले होते.

दुकानाच्या भिंतीवर एकवीस घड्याळे होती आणि एकवीसही वेगवेगळी वेळ दाखवत. नव्या माणसाला वाटे, हा कसला कारागीर. मीही पहिल्या दिवशी तसेच बोलून दाखवले. चाचांनी मान वर न करता उत्तर दिले की ती घड्याळे नापास नाहीत, त्यांची परीक्षा चालू आहे. प्रत्येक घड्याळाखाली खडूने एक आकडा असे. तीन मिनिटे मागे. सव्वा मिनिट पुढे. रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यावर ते आकडे पुन्हा तपासत.

"बाबूसाहेब, मागे राह्यणारी घडी वाईट नसते," ते म्हणाले. "रोज तीन मिनिटं मागे राह्यते नं, तर तिच्या भरोशावर तुम्ही वडशाहून रेल्वे पकडू शकता. वाईट ते, जे आज मागे अन् उद्या पुढे. माणसायचंही तसंच आहे."

माझे घर त्यांच्या घराला लागून होते. मधली भिंत एकच. त्यामुळे गाडी ज्या दिवशी आली, त्या दिवशीचा सगळा प्रकार मी आमच्या ओट्यावरून पाहिला.

गाडी मुळात दिल्लीतल्या कुठल्याशा परदेशी वकिलातीत होती. बांबूच्या एका ठेकेदाराने ती लिलावात घेतली आणि आमच्याकडच्या जंगलात आणली. दिसायला चार दारांची, घरंदाज, गडद निळी. पण पुढच्या झाकणाखाली सहा सिलिंडरचे शर्यतीच्या तोडीचे इंजिन. आत खऱ्या कातड्याच्या बैठका, बटण दाबले की खाली जाणाऱ्या काचा, टपाला एक सरकणारी खिडकी. आणि स्टिअरिंग डावीकडे. ठेकेदाराने चार महिने ती मिरवली. उन्हाळा लागला तशी ती तापून उभी राहिली आणि मग दोन वर्षे मोहाच्या झाडाखाली तशीच राहिली. मागच्या बैठकीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. नागपूरच्या मेकॅनिकने पाहून सांगितले की हिला ठीक करण्यापेक्षा दुसरी घ्या. ठेकेदाराने ती भंगाराच्या भावात चाचांना देऊन टाकली.

ती घरी आणायची कशी हा प्रश्न होता. अंतर बारा किलोमीटर. चाचा एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेले. त्याच्याकडे शंकरपटाची नावाजलेली जोडी होती. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. हलका छकडा, दोन बैल, शे-सव्वाशे मीटरची सरळ वाट, आणि कोण किती सेकंदांत पोचतो त्यावर नंबर. शेतकऱ्याने साफ नकार दिला. पटाचा बैल ओझे ओढत नाही, म्हणाला. दुसरा कोणी रागावला असता. चाचांना ते फार पटले. शेवटी नांगराचे साधे बैल जुंपून गाडी आली. बारा किलोमीटरला पाच तास दहा मिनिटे लागली. चाचा स्टिअरिंगवर बसून होते आणि येईल त्याला सांगत होते, "ही पण पटाचीच आहे. हिले पण कोनी वजन लादू नका."

त्यानंतर चौदा महिने ती गाडी जागची हलली नाही. चाचांनी ती घड्याळासारखी उघडली. अंगणात पांढरी चादर अंथरायची, तिच्यावर एकेक भाग काढून ठेवायचा, प्रत्येकाखाली उर्दूत लिहिलेली चिठ्ठी. संध्याकाळी चादर चारी कोपऱ्यांनी उचलून आत. छोटे स्क्रू घड्याळांच्या काचेच्या डब्यांत. रबरी नळ्या मिळत नव्हत्या, त्या मूल गावातल्या एका भाताच्या गिरणीच्या जुन्या नळीतून कापून आणल्या. पंख्याचा पट्टाही गिरणीचाच. इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसणारी तांब्याची पातळ चकती फाटली होती, ती तांबटाकडून कापून घेतली. तांबट हंडे-घागरी करणारा माणूस. त्याने विचारले, ही कशाची थाळी, हिच्यात सहा भोके कशाला. चाचा म्हणाले, सहा जण एका ताटात जेवणार आहेत.

त्या इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे कार्बुरेटर दोन होते. दोघांचा श्वास सारखा हवा, नाहीतर गाडी लंगडते. नागपूरला म्हणे त्याचे यंत्र होते. चाचांनी रबरी नळीचे एक टोक कानात घातले, दुसरे आधी एका कार्बुरेटरच्या तोंडाशी धरले, मग दुसऱ्याच्या. सू आणि सू. दिवसभर हेच. मी कचेरीत जाताना ते कानात नळी घालून वाकलेले होते, परत आलो तेव्हाही तसेच होते. चाची ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "माह्या छातीचा ठोका इतका ऐकला असता तं मी दोनदा मरायले टेकली नसती."

त्यांचा एक नियम होता. जे चालते ते उघडायचे नाही. चालणारे घड्याळ 'जरा साफ करून द्या' म्हणून कोणी आणले तर ते परत पाठवत. गाडीलाही हाच नियम. वेगाचा काटा चालत होता, म्हणून त्या डब्याला त्यांनी हात लावला नाही. पुढे जे रामायण झाले ते ह्या नियमामुळे.

गाडी सुरू झाली तेव्हा अर्धे गाव जमले. आवाज असा की मोठा नव्हे, पण पोटात जाणवणारा. चाचांनी ती बाजारातून एक फेरी मारून परत आणली आणि दुसऱ्या दिवसापासून रोजच्यासारखे दुकानात सायकलने गेले. गाडीवर घरच्यांचाही हक्क होता. ईदच्या आधी चाची शेवया करत आणि त्या गाडीच्या झाकणावर वाळत घालत, कारण गडद निळा पत्रा उन्हात जितका तापे तितके अंगणातले दुसरे काही तापत नसे. ते दोन दिवस गाडी हलत नसे. चाचा म्हणत, परदेशी गाडी आहे, पण कामाला लागली.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. गाडी तपासायची होती आणि त्यासाठी त्यांना सडकेचा जाणकार हवा होता. मी फुशारून गेलो. रीत अशी ठरली. गडचिरोलीच्या सडकेला लागायचे. काटा चाळीसवर स्थिर करायचा. किलोमीटरचा एक दगड गेला की मी "दगड" म्हणायचे, ते स्टॉपवॉच दाबणार. पुढचा दगड आला की मी पुन्हा "दगड" म्हणायचे, ते पुन्हा दाबणार. मग गाडी कडेला उभी करून, भिंग लावून, घड्याळ नाकाशी धरून वेळ वाचणार.

चाळीसच्या वेगाने एका किलोमीटरला दीड मिनिट लागते. म्हणजे नव्वद सेकंद. हे शाळेतले गणित आहे.

वेळ आली छप्पन्न सेकंद.

पुन्हा केले. छप्पन्न. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. छप्पन्न, छप्पन्न.

चाचांनी घड्याळ पुसून मांडीवर ठेवले. मग फार हळू, माझे मन दुखावू नये अशा आवाजात म्हणाले, "बाबूसाहेब, तुमचे दगड जवळ जवळ गाडले आहेत."

मला हे लागले. त्या सडकेच्या नोंदवहीवर माझे अक्षर होते. मी म्हणालो की तुमचे घड्याळ मागे पडत असेल. आता ते त्यांना लागले. ते स्टॉपवॉच साधे नव्हते. आसपासच्या बत्तीस गावांच्या शंकरपटात गेली अकरा वर्षे त्याच घड्याळाने वेळ लावली जात होती, आणि लावणारे चाचाच. पटात बैलांवरून डोकी फुटतात, पण 'चाचाची घडी' म्हटले की दोन्ही बाजू गप्प होत. मी काट्यावर शंका घेतली, तर म्हणाले काटा चालतो आहे, चालणारी वस्तू उघडायची नाही.

म्हणून आम्ही दर रविवारी जात राहिलो. गडचिरोलीच्या सडकेवर, ब्रह्मपुरीच्या सडकेवर, वडशाच्या सडकेवर. एकूण एकतीस खेपा झाल्या. मी 'दगड' म्हणायचो, ते दाबायचे. वेळ नेहमी छप्पन्न सेकंद, फार तर एक-पंचमांश इकडे-तिकडे. मला वाटे हा माणूस आता हट्टाला पेटला आहे. गाडीचे निकाल तर पहिल्याच रविवारी लागले होते, मग एकतीस खेपा कशाला? पण सकाळची हवा, दोन्ही बाजूंना साग, आणि ती कातड्याची बैठक. मी तक्रार केली नाही. पेट्रोल त्यांचे होते. गाडी लिटरला चार चालते, हे ते खाली मान घालून सांगत.

शेवटी मीच वैतागलो. कचेरीतली तीस मीटरची साखळी घेतली, डोमाजीला बरोबर घेतले आणि एका रविवारी तो किलोमीटर मोजायला काढला. डोमाजी आमच्या खात्यातला मैलकुली. सडकेच्या कडा भरणे, दगड रंगवणे, पडलेली झाडे हटवणे ही त्याची कामे. वय पंचावन्न, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि सरकारविषयी एक कायमची बारीक तक्रार. चाचा गाडी सावलीत लावून आमचे मोजणे पाहत बसले.

तेहतीस साखळ्या आणि वर आठ मीटर सत्तर. म्हणजे नऊशे अठ्ठ्याण्णव मीटर सत्तर सेंटिमीटर. एक मीटर तीस सेंटिमीटर कमी. चाचा आनंदले. मी सांगितले की एक मीटर तीसने सेकंदाच्या दहाव्या भागाचाही फरक पडत नाही, आणि आपल्याला चौतीस सेकंद शोधायचे आहेत. पण खरे सांगायचे तर त्या एक मीटर तीसची मला आजही लाज वाटते.

डोमाजी साखळी गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता त्याचे नेहमीचे सुरू झाले. "मी म्हणतो साहेब, मले मैलकुली काऊन म्हणते? माह्या बापाच्या टायमाले मैलाचे दगड होते, थो मैलकुली होता, ठीक आहे. मी त किलोमीटरचा दगड रंगवून राह्यलो पंधरा वर्षं. नाव मैलाचं, काम किलोमीटरचं. पगार कोणाचा देते, सांगा."

मी नव्वदला छप्पन्नने भागले होते, एकदा नव्हे, वीसदा. एक पूर्णांक सहा. हा आकडा माझ्या वहीच्या कोपऱ्यात तीन महिने पडून होता. ज्या माणसाने तरुणपणी मैलांचे दगड काढून किलोमीटरचे बसवण्याच्या कामावर हजेरी लिहिली आहे, त्याला एक पूर्णांक सहा किलोमीटर म्हणजे एक मैल, हे डोमाजीने सांगावे लागले. मी साखळी तिथेच टाकली आणि गाडीकडे गेलो.

"चाचा, काट्याच्या डब्यावर काय लिहिले आहे?"

चाचांनी भिंग डोळ्याला लावले. मग ते खाली वाकले. इतके वाकले की कपाळ स्टिअरिंगला टेकले आणि भिंग काचेला. एकेक अक्षर बोट फिरवून वाचले. "एम. पी. एच." ताशी मैल. मग सरळ बसले आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काटा खरा होता, दगड खरे होते, घड्याळ खरे होते. तिघेही सच्चे, आणि तीन महिने आम्ही त्यांच्यात भांडण लावत होतो. डोमाजीलाही सांगितले. तो म्हणाला, मंग ही गाडीच खरी मैलकुली.

मी लगेच हिशेब मांडला. गाडीवर सत्त्याण्णव हजार चढले होते, तेही मैलच. म्हणजे ती एक लाख छप्पन्न हजार किलोमीटर धावलेली होती. चाचा म्हणाले, बाप रे, बुढी निघाली. मग मी सांगितले की लिटरला चार म्हणजे चार मैल, म्हणजे साडेसहाच्या जवळ किलोमीटर. त्यावर ते खूश झाले. वय वाढले पण खाणे कमी झाले, म्हाताऱ्या माणसाचे असेच व्हायला हवे, म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी हसत नव्हतो. ती अक्षरे ज्वारीच्या दाण्याएवढी होती. मी दारातून वाकलो तेव्हा मला भिंगाशिवाय, दोन हातांवरून दिसली होती. आधी कधी दिसली नव्हती, कारण मी उजवीकडे बसत असे आणि काट्यावर एक काळा छज्जा होता. काटा सरळ उभा राहिला की चाळीस, एवढे ते मला सांगत आणि मी मानत असे. आणि आणखी एक. जाताना किलोमीटरचा दगड सडकेच्या डाव्या बाजूला असतो. गाडीचे स्टिअरिंगही डावीकडे. म्हणजे एकतीस खेपा दगड चाचांच्या कोपराखालून गेला, आणि तो वाचायला त्यांनी उजव्या खिडकीतल्या माणसाला मान लांब करायला लावली.

ओढ्याजवळ मी गाडी थांबवायला सांगितली. डोमाजी मागे झोपला होता.

"चाचा, समोरच्या झाडावर काय बसले आहे?"

त्यांनी समोर पाहिले. बराच वेळ पाहिले. मग इंजिन बंद केले.

"झाड आहे का?" ते म्हणाले.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, दीड वर्षापासून. भिंग लावले की नाकाजवळचे दिसे. सडक म्हणजे पांढरा पट्टा, बैलगाडी म्हणजे काळा ठिपका, एवढ्यावर ते गाडी चालवत होते. मला बायको होती, दोन मुली होत्या, आणि मी त्या गाडीत एकतीस वेळा बसलो होतो. मी उतरलो, ओढ्यावर तोंड धुतले आणि परत आलो. मग विचारले की ऑपरेशन का केले नाही. ते म्हणाले, केले तर गावाला कळेल.

"घडीवाल्याच्या डोळ्यात मोतीबिंदू, हे कळल्यावर मले घडी कोण देईल, बाबूसाहेब? अन् पट तीन हप्त्यावर आहे. तिथं झंडी पडते सव्वाशे मीटरवर. मले झंडी नाई दिसत. बैल जवळ आले की मी घुंगरायवर दाबतो, ते चुकत नाई. पण सुटले कवा, ते नाई समजत." मग म्हणाले, "मागच्या साली एकाले विचारत होतो. थो कधी लवकर सांगे, कधी उशिरा. म्हणून ह्या साली मी तुमाले तपासलं."

"मला?"

"गाडी त पहिल्याच दिवशी तपासून झाली होती."

मग त्यांनी समजावले. डोळ्याने पाहिले, तोंडाने 'दगड' म्हटले, ह्यात प्रत्येक माणसाचा थोडा वेळ जातो. पहिल्या दगडाला जेवढा जातो तेवढाच दुसऱ्याला गेला, तर मधली वेळ खरी येते. कमी-जास्त झाला तर वेळ हलते. एकतीस खेपांत माझी वेळ हलली नव्हती.

"तुमचा उशीर सारखा आहे," ते म्हणाले. "लाखात एक घडी असते अशी."

माझी एवढी स्तुती त्याआधी कोणी केली नव्हती, आणि नंतरही नाही. पण मी चुकीचा आकडा पोटात ठेवू शकत नाही, तो माझा आजार आहे. मी सांगितले की पटाला मी तुमच्याजवळ उभा राहीन, पण लपून नाही. पंचांना तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. आणि गाडी आता मी ढकलत घरी नेईन, पण तुम्ही चालवणार नाही. चाचांचा चेहरा दगडासारखा झाला. डोमाजीला उठवले, दोन बैल आणले आणि ती पटाची गाडी दुसऱ्यांदा नांगराच्या बैलांमागून गावात आली.

त्यानंतर वीस दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. गाडीही हलली नाही. रोज संध्याकाळी दहा मिनिटे इंजिन सुरू करून ऐकत बसत, तेवढेच. चाची भिंतीवरून भाजीची वाटी देत, पण त्याही डोळ्याला डोळा देत नसत. माझ्या बायकोने मला विचारले की तुम्हाला काय पडले होते. दुकान त्या माणसाचे होते, नाव त्याचे होते. माझे काय जाणार होते?

पटाच्या दिवशी सकाळी दाराशी आवाज आला. चाचा उभे होते. धुतलेली टोपी, गळ्यात भिंग, हातात स्टॉपवॉच. "चला," एवढेच म्हणाले.

मैदानात एकशे चोवीस जोड्या आल्या होत्या. मोकळ्या शेतात माणसेच माणसे. पहिली जोडी सुटायच्या आधी चाचा एका छकड्यावर चढले. त्यांनी सांगितले की माझे डोळे गेले आहेत, झंडी दिसत नाही, मागच्या वर्षीही नीट दिसत नव्हती. ह्या वर्षी झंडी हे सडकवाले बाबू पाहतील, 'सुटली' म्हणतील, आणि मी दाबीन. कबूल नसेल तर घड्याळ हे इथे ठेवले, दुसऱ्या कोणाच्याही हातात द्या. आणि त्यांनी खरेच ते घड्याळ छकड्याच्या दांडीवर ठेवले.

इतकी माणसे, पण बैलांचे घुंगरू तेवढे ऐकू येत होते. मागच्या वर्षी घड्याळाच्या एका टिकने, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाने, हरलेला माणूस तिथेच असणार, हे चाचांना माहीत होते आणि मलाही. तो पुढे आला. मूलकडचा होता, मोठ्या मिशांचा. चाचांच्या समोर उभा राहिला.

"चाचा, तुमी हे नसतं सांगतलं तं मले कधीच समजलं नसतं."

"हाव," चाचा म्हणाले. "म्हणूनच सांगतलं."

त्या माणसाने मग मला खालून वर पाहिले. "हा बाबू बराबर सांगन का?"

"उशिरा सांगन. एकतीस खेपा तपासला. उशीर करतेच."

मागून कोणीतरी बोलले, "सरकारी माणूस आहे, उशीर त करणारच." मैदान हसले.

"करते," चाचा म्हणाले, "पण सगळ्यायले सारखा करते."

मिशीवाल्याने दांडीवरचे घड्याळ उचलले आणि चाचांच्या हातात ठेवले. "सगळ्यायले सारखा उशीर, मंग भांडण कायचं? झंडी काढा."

त्या दिवशी मी एकशे चोवीस वेळा 'सुटली' म्हणालो. संध्याकाळी घसा बसला होता. मिशीवाल्याची जोडी दुसरी आली. तो हरला, पण भांडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून सात जणांनी आपली घड्याळे परत नेली. हेही सांगायला हवे. चाचा स्वतः ती पुडीत बांधून देत होते. महिनाभराने नागपूरला आधी एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग दुसऱ्याचे. सातपैकी पाच घड्याळे परत आली. दोन आली नाहीत.

त्या काळात ऑपरेशननंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागत असे. तो लावून चाचा परत आले तेव्हा त्यांचे डोळे संत्र्याएवढे दिसत होते. डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिल्याचा कागद त्यांनी न मागता मला दाखवला. मी तारीख आणि सही तपासली. रविवारी आम्ही गडचिरोलीच्या सडकेला लागलो.

काटा चाळीसवर उभा राहिला. मी उजव्या खिडकीत होतो. दगड आला, तो त्यांच्याच बाजूला होता आणि आता त्यांना दिसत होता. मी गप्प बसलो. त्यांनी स्वतः दाबले. पुढच्या दगडाला पुन्हा दाबले. गाडी कडेला घेऊन वेळ वाचली. एकोणसाठ. पुन्हा केले. चोपन्न. मग अठ्ठावन्न. चौथ्या वेळी दगड निघून गेला तरी त्यांनी दाबलेच नाही. ते सागाच्या फांदीकडे पाहत होते.

गाडी उभी राहिली.

"बाबूसाहेब, तुमी काऊन नाई बोलून राह्यले?"

मी म्हणालो की आता तुम्हाला दिसते.

"दिसते नं. तेच त झालं," ते म्हणाले. "दीड साल झाड नाई पाह्यलं. दगड येते, त मी झाडच पाह्यत राह्यतो. माही घडी बिघडली." त्यांनी स्टॉपवॉच शून्यावर आणले आणि गिअर टाकला. "मी पाह्यतो. तुमी बोला."

गाडी वेगात आली. काटा सरळ उभा राहिला. मी मान लांब करून त्यांच्या कोपरापलीकडे पाहू लागलो.

"दगड," मी म्हणालो.